पोळीभाजी केंद्र टाकताय? शेगडीच्या आधी काटा आणि वही घ्या

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं की ताई आम्हाला पण पोळीभाजी केंद्र टाकायचंय, काय काय लागतं, किती पैसे घालावे लागतात, परवडतं का, आणि प्रत्येकीशी तासभर फोनवर बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी सगळ्यांना तेच तेच सांगतीये, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. आम्ही २०२१ च्या दसऱ्याला पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला दहा बाय बाराचा गाळा भाड्यानी घेऊन सुरुवात केली. मी, सासूबाई आणि पोळ्यांना दोन मावशी. चव चांगली होती, गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यापासून होतं, संध्याकाळी गल्ला भरलेला दिसायचा, आणि तरीही चार महिन्यांनी तेलाचा डबा आणायला नवऱ्याच्या पगारातून पैसे काढावे लागले. त्या रात्री आम्ही दोघं बसलो आणि कुठे जातायत पैसे ते शोधायला लागलो तर सांगायला आमच्याकडे एकही आकडा नव्हता. किती पोळ्या केल्या, किती उरल्या, किती कणीक लागली, काहीच लिहिलेलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक दोनशे पानी वही आणली, आणि आमचा धंदा खरा तिथून सुरू झाला असं मी मानते. खाली जे सांगतीये ते जवळजवळ सगळं त्या वहीतूनच आलंय.

पोळीचा खर्च आधी पैशात काढा

पाच रुपयाला पोळी विकायची हे आम्ही आजूबाजूला बघून ठरवलं होतं. माझ्या डोक्यात हिशोब असा की एका पोळीला लागून लागून किती लागणार, दोन रुपये, म्हणजे तीन रुपये सुटले. हा हिशोब बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात असतो कारण घरी आपण फक्त पीठ आणि तेल धरतो, स्वतःचा हात आणि घरचा गॅस धरतच नाही.

तेव्हाचे आमचे आकडे सांगते, तुमचे वेगळे असतील पण पद्धत हीच ठेवा. लोकवन गहू आणि दळण मिळून किलोला ३७ रुपये पडत होते. एक किलो पिठाला साधारण सहाशे मिली पाणी, म्हणजे सोळाशे ग्रॅम कणीक, चाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर चाळीस पोळ्या. पीठ झालं पोळीमागे ९२ पैसे. मोहन आणि घडीचं तेल धरून ४० पैसे. गॅस ५५ पैसे. मावशींना पोळीवर दर ठरला होता, दीड रुपया. कागद, फॉइल आणि पिशवी ४० पैसे. गाळ्याचं भाडं आणि लाईट रोजचं ३५० रुपये, त्यातलं निम्मं भाजीवर टाकलं आणि निम्मं तीनशे पोळ्यांवर, म्हणजे अजून ५८ पैसे. बेरीज करा, ४ रुपये ३५ पैसे. आता तीनशे केल्या तरी रोज पंचवीसेक उरायच्याच, त्या उरलेल्यांचा खर्च विकलेल्या पोळ्यांवरच चढणार ना, तो चढवल्यावर पोळी पडत होती पावणेपाच रुपयाला. म्हणजे पाच रुपयाच्या पोळीत माझे सुटत होते चार आणे. आणि यात माझा आणि सासूबाईंचा पगार कुठेच नाहीये हे लक्षात घ्या.

आणि हे सुद्धा गोळा चाळीस ग्रॅमचा असेल तरच. काटा आणला त्या दिवशी मी सहज दहा गोळे टाकून बघितले तर सगळे अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न असे. पन्नासचा गोळा धरला तर किलोमागे पोळ्या होतात बत्तीस, पीठ आणि तेल मिळून पोळीमागे ३२ पैसे जास्त. चार आण्यांचा नफा तिथेच गेला आणि वर पदरचे घालत होतो. तीनशे पोळ्या रोज, चार महिने. गिऱ्हाईक वाढलं म्हणून आम्ही खुश होत होतो आणि प्रत्येक वाढलेल्या पोळीमागे थोडा खड्डा खणत होतो, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तर पहिलं काम हे. दुकान उघडायच्या आधी घरी पाच किलो पिठाच्या पोळ्या करून बघा, पाणी मोजून घाला, गोळे मोजा, तेल आधी किती होतं नंतर किती उरलं ते मोजा. गॅसचं सांगते, नवीन सिलेंडर लावला की त्यावर खडूनी तारीख लिहा आणि तो संपेपर्यंत किती पोळ्या आणि किती पातेली भाजी झाली ते वहीत मांडा. दोन सिलेंडर झाले की तुमचा आकडा तुम्हाला मिळतो, दुसऱ्या कुणाला विचारावा लागत नाही.

गॅसवरून आठवलं, दुकानात घरचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर वापरू नका. सगळे वापरतात असं वाटतं, पण ते बेकायदेशीर आहे, आणि उद्या काही दुर्घटना झाली तर विम्याच्या वेळी हात वर होतात. १९ किलोचा कमर्शियलच घ्या आणि त्याचा दर साधारण महिन्याच्या १ तारखेला बदलतो हे डोक्यात ठेवा. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल भडकलं आणि त्याच उन्हाळ्यात कमर्शियल सिलेंडर पण वर गेला, तेव्हा ज्यांनी पोळीचा खर्च कधी काढलेला नव्हता त्यांना नेमकं किती नुकसान होतंय हेच कळत नव्हतं, आमच्या रस्त्यावरचं एक केंद्र त्याच उन्हाळ्यात बंद झालं. त्या काकू माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करायच्या.

मावशींशी कसं बोललो

काटा ओट्यावर ठेवला त्या दिवशी आमच्या मोठ्या मावशी एकदम गप्प झाल्या. दुपारी म्हणाल्या, ताई, तीस वर्षं पोळ्या लाटतीये मी, आता माझा हात मोजणार का तुम्ही. आणि त्यांचं बरोबर होतं, मी न सांगता न विचारता काटा आणून ठेवला होता, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतीये. मग मी त्यांच्यासमोर वही उघडली आणि वरचा सगळा हिशोब वाचून दाखवला, त्यांचा दीड रुपया कुठे बसतो आणि मला काय उरतं ते पैशासकट. खरं सांगते, मला भीती वाटत होती की आपला नफा कामाच्या माणसाला कसा सांगायचा. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे माझ्या मोठ्या गोळ्यानी दुकान बसतंय होय. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पहिले दहा गोळे त्या स्वतः काट्यावर टाकायच्या, हाताला अंदाज बसला की मग पुढचे तसेच, आणि मधे कधीतरी एखादा टाकून बघायचा. आठ दिवसांत त्यांचा गोळा एकेचाळीस-बेचाळीसच्या वर जाईना.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं कारण या धंद्यात पोळीवाल्या मावशी म्हणजे सगळं आहे. भाजी तुम्ही करू शकता, हिशोब करू शकता, पण तासाला साठ-सत्तर एकसारख्या घडीच्या पोळ्या लाटून भाजणारा हात सहज मिळत नाही. त्यांचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या, एक दिवस सुद्धा पुढे ढकलू नका, आणि आठवड्याची सुट्टी पहिल्या दिवसापासून ठरवा. आम्ही सुरुवातीला सातही दिवस चालू ठेवलं आणि दुसऱ्या महिन्यात एका मावशींचा खांदा धरला, त्या दहा दिवस आल्या नाहीत, आणि दहा दिवस मी आणि सासूबाई रात्री साडेदहापर्यंत पोळ्या लाटत होतो. पुढे वही सुरू झाल्यावर सोमवार बंद ठेवला. सोमवारीच का, तर वहीत सोमवारचा खप सगळ्यात कमी दिसत होता, बऱ्याच लोकांचा उपवास असतो. शिवाय तिसऱ्या एका मावशींना आधीच बोलून ठेवलंय, अडीनडीला येतात, त्यांना महिन्यातून चार दिवस तरी काम देतेच म्हणजे संबंध राहतो.

वहीत काय लिहायचं

फार मोठं काही नाही. एका दिवसाला एक ओळ. तारीख, वार, तिथी किंवा सण, पाऊस होता का, पोळ्या किती केल्या, किती उरल्या, कुठली भाजी किती किलो केली, किती उरली, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे कुठली गोष्ट किती वाजता संपली. उरलेलं सगळे बघतात कारण ते पातेल्यात दिसतं. संपलेलं दिसत नाही. मटकीची उसळ सव्वासातला संपली आणि आपण साडेनऊपर्यंत उघडे होतो, म्हणजे सव्वादोन तास लोक येऊन परत गेले, ते नुकसान कुठेच दिसत नाही जोपर्यंत तुम्ही वेळ लिहीत नाही.

तिथीचा रकाना का, तर २३ नोव्हेंबर २०२१ ला अंगारकी होती. मंगळवारची संकष्टी. आमच्या ध्यानीमनी नाही, नेहमीप्रमाणे तीनशे पोळ्या आणि तीन भाज्या करून बसलो, आणि रात्री चंद्रोदयानंतर लोक उपवास सोडायला घरी गोडाचं करतात की विकतची पोळीभाजी नेतात, अर्ध्याच्या वर माल उरला. सासूबाई स्वतः संकष्टी करतात, त्यांनी सकाळी साबुदाणा भिजवला होता घरी, आणि तरी दुकानाचा विचार करताना आमच्या दोघींच्या डोक्यात ते आलं नाही. आता कालनिर्णय दुकानात ओट्याच्या वर टांगलंय आणि महिना सुरू झाला की आधी संकष्टी, एकादशी, नवरात्र, श्रावणातले शनिवार यावर लाल खूण करतो. त्या दिवशी पोळ्या निम्म्या आणि साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी ठेवतो, आणि खिचडीत पोळीपेक्षा जास्त सुटतं हे पण वहीनीच दाखवलं. श्रावणात एक भाजी बिनकांद्या-लसणाची हवीच. पितृपक्षात वडे, खीर, आमसुलाची चटणी असा श्राद्धाचा स्वयंपाक लोक ऑर्डर देऊन करून घेतात, त्यात आगाऊ पैसे मिळतात आणि उरत काही नाही. मे महिना आणि दिवाळीचे दहा दिवस आमच्याकडे मंदीचे, कारण शिकणारी मुलं गावाला जातात. तुमच्या भागात आयटीवाले असतील तर तुमची मंदी वेगळी असेल, शनिवार-रविवारी असेल. म्हणूनच दुसऱ्याचा अनुभव ऐका पण रकाने स्वतःचे भरा.

तीन महिन्यांची वही झाली की एका रविवारी बसून वाराप्रमाणे सरासरी काढा. आम्ही तेव्हापासून सोमवार सोडून सहा दिवसांच्या सहा वेगळ्या संख्या ठरवल्या, बुधवारी सगळ्यात जास्त. उरलेल्या पोळ्या पंचविसावरून आठ-दहावर आल्या. त्यासाठी नवीन गिऱ्हाईक आणावं लागलं नाही की जाहिरात करावी लागली नाही.

भाजी विकत घेताना

मार्केट यार्डात किलोचा भाव ऐकून भाजी ठरवू नका, निवडून किती राहते ते बघा. एक किलो मटारच्या शेंगा सोलल्या की दाणे चारशे-साडेचारशे ग्रॅम. फ्लॉवरचे दांडे-पानं काढली की साडेसहाशेच्या आसपास. मेथीच्या जुडीतलं निम्मं वजन काड्यांचं. आणि पालेभाजी शिजली की बसते ती वेगळीच, चार जुड्यांची भाजी एका छोट्या पातेल्यात मावते. याच्या उलट मटकी, मूग, हरभरा. एक किलो मटकी भिजवून मोड आणली की दुपटीच्या वर जाते, निवडायला माणूस लागत नाही, पावसाळ्यात भाव पेटत नाही आणि उसळ लोकांना आवडते. म्हणून आमच्याकडे रोज एक उसळ असतेच, एक फळभाजी जी त्या दिवशी स्वस्त असेल ती, आणि तिसरी बटाट्याची किंवा पिठलं. टोमॅटो २०२३ च्या जुलैमध्ये शंभराच्या वर गेला तेव्हा आम्ही दीड महिना आमसूल आणि चिंच वापरली, एकाही गिऱ्हाइकानी तक्रार केली नाही.

सुरुवातीला मात्र आमच्या बोर्डवर अकरा भाज्या होत्या. वाटलं जितकं जास्त ठेवू तितकी लोकं येतील. अकरा भाज्यांची अकरा पातेली, प्रत्येकात थोडं थोडं उरतंय, आणि सगळ्या करायच्या म्हणून एकही जमून येत नाही. बोर्ड पुसून तीन भाज्या लिहिल्या त्या दिवशी दोन-तीन जण कुरकुरले, पण उरणं एकदम खाली आलं आणि उसळीची चव रोज तीच यायला लागली.

याबाबतीत मला लिज्जत पापडची गोष्ट फार जवळची वाटते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली हे सगळ्यांना माहितीये, पण त्यातला एक भाग कमी सांगितला जातो. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, हलका स्वस्तात विकायला. ज्यांनी पैसे उसने दिले होते त्या छगनबापांनी त्यांना सांगितलं की एकच प्रमाण प्रतीचा पापड करा आणि दर्जात तडजोड करू नका, आणि हिशोब चोख ठेवा, हा धंदा आहे असं समजून चालवा. चार पाकिटांपासून सुरू झालेल्या कामाला पहिल्याच टप्प्यावर कुणीतरी हिशोबाचं सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं असतं तर ते चार महिने वाचले असते, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटते.

गल्ल्यातले पैसे आणि घरातले पैसे

दुकानाचं खातं वेगळं काढा, आणि हे पहिल्या दिवशी करा. माझा क्यूआर कोड माझ्या घरच्या खात्याचा होता, त्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे, माझी भिशी, मुलाची फी, सगळं एकाच खात्यात फिरत होतं आणि महिनाअखेर काही उलगडत नव्हतं. रोख गल्ल्यातून दूधवाल्याला दिले, रिक्षाला दिले, ते कुठे लिहिलेच नाहीत. दुकानाच्या डब्यातलं तेल घरी आणि घरची कोथिंबीर दुकानात. आता दुकानातून घरी किलोभर पीठ जरी आणलं तरी वहीत लिहिते आणि घरच्या पाकिटातून पैसे गल्ल्यात टाकते. आणि मला महिन्याला ठरलेला पगार, सुरुवातीला फक्त पाच हजार घेतला पण घेतला, आणि सासूबाईंना पण तेवढाच. सासूबाई आधी नकोच म्हणाल्या, घरचंच काम आहे म्हणे. मी ऐकलं नाही. रोज सहा तास उभ्या असतात त्या, आणि त्यांचा पगार न धरता दाखवलेला नफा खोटा असतो.

उधारी

गल्लीतल्या किरकोळ उधारीनी फार बिघडत नाही, चाळीस-पन्नास रुपयांचं असतं ते, लोक देतात. मोठा फटका मोठ्या ऑर्डरनी बसतो. एका ऑफिसची रोजच्या चाळीस डब्यांची ऑर्डर आली, डबा सत्तर रुपये, दिवसाचे २८००, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सत्तर हजार. आम्ही आनंदानी वेडे झालो. बिल महिनाअखेर द्यायचं असं तोंडी ठरलं. पहिलं बिल दिलं, ते म्हणाले अकाउंटला पाठवलंय. दुसरा महिना संपला तरी पैसे नाहीत. म्हणजे एक लाख चाळीस हजार बाहेर अडकलेले आणि माझं सगळं खेळतं भांडवल होतं साठ हजार. किराणावाल्याकडे माझी उधारी वाढली, तो पहिल्यासारखा बोलेना. पैसे शेवटी आले, पहिल्या बिलाचे त्र्याहत्तराव्या दिवशी, पण त्या दरम्यान मी हातातल्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या होत्या.

खानावळ चालवणाऱ्या बायकांचं हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळीवाल्या बायका महिनाभर कामगारांना जेवू घालायच्या, पैसे पगार झाल्यावर मिळायचे, तोवर वाण्याची आणि सावकाराची उधारी. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे आधी जेवण आणि मग पैसे या फरकात बाई पिचते हे तेव्हापासून माहिती आहे, तरी आपण प्रत्येक जण नव्यानी त्यात पडतो.

आता मी काय करते ते सांगते. घरगुती महिन्याच्या डब्याला पैसे आधी, पंधरा दिवसांचे तरी. ऑफिसच्या ऑर्डरला आठवड्याचं बिल आणि पहिल्या आठवड्याचे पैसे आगाऊ. आणि ऑर्डर घ्यायच्या आधी एक हिशोब, रोजची रक्कम गुणिले जितके दिवस पैसे अडकतील तितके दिवस, हा आकडा तुमच्या खेळत्या भांडवलाच्या निम्म्याहून जास्त येत असेल तर ऑर्डर कमी डब्यांची घ्या किंवा नाही म्हणा. नाही म्हणताना जीव तुटतो, मला माहितीये.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, आधीच करून ठेवा. सरकारी साइटवर आधार आणि पॅन घेऊन स्वतः करता येते आणि एक रुपया लागत नाही, एजंट हजार-दोन हजार मागतात ते देऊ नका. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर असं झालंय की समोरच्या कंपनीनी मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्यांना इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंटवाले स्वतःच उद्यम सर्टिफिकेट मागतात. मी आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापते. भांडायची वेळ अजून आली नाही, नंबर बघूनच पेमेंट पुढे सरकतं.

बाकीची कागदं पटकन सांगते. आम्ही काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखाच्या आतल्या उलाढालीला फूड लायसनच्या जागी साधं रजिस्ट्रेशन पुरायचं, फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन होतं, आणि तो १४ आकडी नंबर बोर्डवर आणि बिलावर लावायचा. हे उघडायच्या आधीच काढा. शॉप ॲक्टचं महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानी सोपं झालंय, आमच्यासारखी थोडी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची. जीएसटी लागतो का ते एकदा सीएला विचारून घ्या, तासाभराची फी वसूल होते. भांडवल कमी असेल तर सरकारच्या मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारापर्यंत तारण न ठेवता कर्ज आहे, पण बँकेत जाताना तीन महिन्यांची वही बरोबर घेऊन जा, आमच्या मॅनेजरनी प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा वहीच जास्त वेळ चाळली.

डिलिव्हरी ॲप आम्ही आठ महिने चालवलं. कमिशन, त्यांच्या ऑफरमधला आपला वाटा आणि जाहिरात धरून आमच्या शंभरातले तीसच्या आसपास जायचे, आणि पोळीत आपल्याला सुटतायत पाच टक्के, मग ते कुठून भरणार. थाळी, पुरणपोळी अशा गोष्टींना कदाचित जमेल. सुट्या पोळ्यांना नाही. पोळीचं मशीन पण तसंच, एक जण अडीच-तीन लाखाचं मशीन दाखवून गेले होते, तासाला आठशे पोळ्या म्हणे, आणि मला दिवसाला तीनशे लागतात. रोजच्या दोन हजार व्हायला लागल्या की बघू.

भाव वाढवायची वेळ

तेल आणि गॅस वाढल्यावर आमची पोळी पाच रुपये दहा पैशांना पडायला लागली, गोळा चाळीसचा ठेवून आणि उरणं कमी करून सुद्धा. तरी पाचाची सहा करायला मी दीड महिना घाबरत होते. समोरच्याकडे पाचला आहे, लोक तिकडे जातील, असं रोज मनात यायचं. शेवटी वही उघडून बघितलं की तीनशेच्या जागी किती पोळ्या गेल्या तरी आपण पूर्वीपेक्षा वाईट नसू. आधी रोजचे तीस रुपये पदरचे जात होते. सहा रुपये भाव केला तर खप दोनशेवर आला तरी, पोळीमागे भाडं थोडं जास्त बसून सुद्धा, शंभराच्या आसपास शिल्लक राहत होतं. हे आकडे समोर दिसल्यावर भीती गेली.

आठ दिवस आधी बोर्ड लावला, १ तारखेपासून पोळी ६ रुपये, खाली एक ओळ, तेल आणि गॅसचे भाव वाढल्यामुळे. ज्यांचे महिन्याचे पैसे आधी घेतले होते त्यांना तो महिना जुनाच भाव. नेहमीच्या आजी-आजोबांना मी स्वतः तोंडी सांगितलं, बोर्ड वाचून कळावं हे बरं दिसत नाही. पोळी लहान करून भाव तोच ठेवा असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं, ते मी केलं नाही, आमचा गोळा चाळीसचा आहे हे मी लोकांना सांगते आणि काटा पण समोरच ठेवलेला असतो.

पहिल्या आठवड्यात खप दोनशे चाळीसवर आला. तिसऱ्या आठवड्यात दोनशे ऐंशी, आणि शाळा सुरू झाल्यावर तीनशे दहा. वहीत त्या महिन्याची पानं आहेत अजून, १ तारखेच्या ओळीत भावाच्या रकान्यात सहा लिहिलंय आणि त्याच ओळीत शेवटी मावशींचा दर दीडवरून पावणेदोन केल्याची नोंद आहे.